स्पॅनिश मराठीतून शिकवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या गुहागर तालुक्यात एसटी स्टँडपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे क्लासच्या जाहिराती दिसू लागतात. यंदा त्यात परदेशी भाषांचे वर्गही आहेत. जर्मन शिका, स्पॅनिश शिका, जहाजावर किंवा हॉटेलात नोकरी मिळवा. खाली बारीक अक्षरात एक ओळ असते : इंग्रजीवर प्रभुत्व आवश्यक. या एका ओळीबद्दल मला लिहायचं आहे, कारण तिच्यामुळे मी स्वतः एकदा मागे फिरले होते.

मी ५७ वर्षांची आहे. वेळणेश्वरला आमचं घरगुती राहण्या-जेवणाचं आहे, सहा खोल्या. शिक्षण दहावी, मराठी माध्यम. २०२४ च्या मे अखेरीला, लेकीच्या बाळंतपणासाठी मेक्सिकोतल्या केरेतारो शहरी गेले. जावई तिथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. पर्यटकाला त्या देशात जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं, त्यातले साडेपाच महिने मी राहिले.

जायच्या आधी भाषेची थोडी तयारी असावी म्हणून मार्चमध्ये एका ऑनलाइन वर्गाला नाव घातलं. दोन महिन्यांची फी भरली. मार्च-एप्रिल म्हणजे आमचा हंगाम. दुपारच्या पंगती उठल्या, भांडी पडली, की मी वही घेऊन मागच्या पडवीत बसायची. शिकवणं सगळं इंग्रजीतून. आवडणं सांगणारा ‘मे गुस्ता’ हा प्रयोग शिकवायला बाईंनी अर्धा तास घेतला. इंग्रजीत मी आवडवते अशी रचना असते, स्पॅनिशमध्ये ती उलटी असते, उलटी का असते, ती लक्षात कशी ठेवायची, वगैरे. मला त्या इंग्रजी वाक्यांतलं अर्धंच कळत होतं. तिसऱ्या आठवड्यात मी एक प्रश्न मराठीतून विचारला, तेव्हा सगळ्यांसमोर सांगण्यात आलं की आधी इंग्रजी पक्कं करा, मग स्पॅनिशकडे वळा. मी वर्ग बंद केला. घरात कुणाला काही बोलले नाही.

केरेतारो समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचावर आहे. जन्म समुद्राकाठी गेलेला, त्यामुळे पहिले आठ दिवस जिना चढताना धाप लागायची. त्या उंचीवर पाणी लवकर उकळतं पण आपल्याइतकं तापत नाही, म्हणून साध्या पातेल्यात डाळ शिजेचना. घड्याळ साडेअकरा तास मागे. वेळणेश्वरला सकाळचे सात वाजले की तिथे आदल्या रात्रीचे साडेसात. घरी फोन करायचा तर यजमानांचा सकाळचा चहा आणि माझं रात्रीचं आवरणं एकाच वेळी यायचं.

नळाचं पाणी पीत नाहीत. २० लिटरचा मोठा जार येतो, त्याला गार्राफोन म्हणतात. गॅसवाला ट्रक घेऊन गल्लीतून ओरडत जातो. लेकीला शेवटचे दिवस भरत आलेले, जावई कारखान्यात, म्हणजे दारावर येणाऱ्या प्रत्येकाशी मलाच बोलावं लागे. पहिल्यांदा गॅस सांगितला तेव्हा फोनवरचा माणूस म्हणाला, ‘आओरिता’. लेक म्हणाली, आत्ता येतो म्हणतोय. मी दाराशी खुर्ची टाकून बसले आणि तो चार तासांनी आला. तिथला ‘आओरिता’ आपल्याकडच्या ‘हा आत्ता आलो’ सारखाच असतो, हे नंतर समजलं.

दुपारी एक भंगारवाला यायचा. गाडीवर कर्णा, त्यात एका लहान मुलीच्या आवाजातली ध्वनिफीत, रोज तीच, त्याच चालीत. पहिल्या आठवड्यात तो नुसता गोंगाट होता. मग एक दिवस त्यातला ‘लावादोरास’ सुटा ऐकू आला, कारण आदल्याच दिवशी लेकीकडून कपडे धुण्याच्या यंत्राचं नाव शिकले होते. दुसऱ्या दिवशी ‘कोल्चोनेस’, म्हणजे गाद्या. मग ‘एस्तुफास’, शेगड्या. आणि शेवटी ‘फिएर्रो बिएखो’, जुनं लोखंड. पंधरा दिवसांनी मी कपडे वाळत घालताना त्याची अख्खी हाक कळत उभी होते. परक्या देशातलं मला संपूर्ण समजलेलं ते पहिलं वाक्य.

घराचं मागचं दार करकरायचं. दुरुस्तीला सुतार आला, दाराकडे पाहून म्हणाला, ‘बिसाग्रा’. मी लगेच मान डोलावली. आमच्या घरात त्याला बिजागरी म्हणतात! पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले आणि काही शब्द इथेच ठेवून गेले. त्यांची भाषा आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, म्हणून ते शब्द मला मेक्सिकोत भेटत राहिले. साबण तिथे ‘खाबोन’, पाव ‘पान’, आणि पैसे देणे याला ‘पागार’. महिन्याचा पगार ज्या तोंडानं मोजला त्याच तोंडानं मी दुकानात ‘पागार’ म्हणू लागले. भेट द्यायला इथून काजू नेले होते, तर शेजारीण त्यांना ‘नुएस दे ला इंदिया’, भारतातला सुका मेवा, म्हणाली. काजू मुळात ब्राझीलकडचा, पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला, आणि मेक्सिकोत तो आपल्या देशाच्या नावानं ओळखला जातो.

जूनमध्ये लेकीनं मला तिथल्याच एका छोट्या वर्गात घातलं. आठवड्यातून तीन सकाळी. आम्ही सात जण, दोन अमेरिकन, बाकी जपानी आणि कोरियन कारखान्यांतल्या माणसांच्या बायका. बाई एकही शब्द इंग्रजी बोलत नसत. चित्रं दाखवायच्या, हातवारे करायच्या, फळ्यावर लिहायच्या. ‘मे गुस्ता एल मांगो’ आलं. पुढे ‘मे गुस्तान लोस मांगोस’. मी वहीत खाली लिहिलं : मला आंबा आवडतो. मला आंबे आवडतात. शब्दाला शब्द. आंबा एक असेल तर ‘आवडतो’, अनेक असतील तर ‘आवडतात’, स्पॅनिशमध्येही क्रियापद आंब्याकडेच बघतं. माझ्या शेजारचे अमेरिकन गृहस्थ, मोठे शिकलेले, ऑगस्टपर्यंत ‘यो गुस्तो’च म्हणत होते, कारण त्यांच्या भाषेत आवडणारा माणूस कर्ता असतो. त्या सकाळी मला पडवीतला तो अर्धा तास आठवला. मराठी येणाऱ्या बाईला ही गोष्ट सांगायला एक ओळ पुरली असती.

त्यानंतर मी प्रत्येक धडा मराठीला लावून बघायला लागले. ‘तू’ आणि ‘उस्तेद’ म्हणजे आपले तू आणि तुम्ही, कुणाला काय म्हणायचं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. विशेषण नामाप्रमाणे बदलतं, चांगला-चांगली तसं बुएनो-बुएना. आपल्याला तीन लिंगांची सवय, तिथे दोनच. त आणि द दातांवरचे, अगदी आपले. भूतकाळ दोन प्रकारचा आहे आणि इंग्रजीवाले त्यात फार अडकतात. ‘कोमी’ म्हणजे खाल्लं, ‘कोमीया’ म्हणजे खात असे. आमच्या शाळेत गुरुजींनी याला रीतिभूतकाळ म्हणतात असं सातवीत शिकवलं होतं.

सगळंच सोपं होतं असं मी म्हणणार नाही. नामाआधी ‘एल’ की ‘ला’ लावायचं, हे आपल्याकडे नाहीच. ‘पोर’ आणि ‘पारा’ यांतला फरक मला आजही नीट येत नाही. ‘सेसेन्ता’ साठ आणि ‘सेतेन्ता’ सत्तर, या दोहोंत चूक झाल्यानं आमचा पाण्याचा जार एकदा दुसऱ्याच घरी गेला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लेकीला रात्री कळा सुरू झाल्या. जावई रात्रपाळीला होते, पोचेपर्यंत तास-दीड तास लागणार होता. प्रसूतीच्या खोलीत तिच्यासोबत मी. लेकीला कामापुरतं स्पॅनिश येतं, पण त्या वेळी तिला कुठलीच भाषा ऐकू येत नव्हती. नर्स बुटकीशी, चाळिशीची. मी तिला विचारलं, ‘फाल्ता मूचो?’ अजून फार वेळ आहे का? ती लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, ‘या मेरो, या मेरो.’ हे शब्द मला कुणी शिकवले नव्हते, पण ज्या आवाजात तिनं ते म्हटले त्यावरून अर्थ लागला. मी लेकीच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, झालंच गं, झालंच. नर्स तिकडून ‘या मेरो’, मी इकडून ‘झालंच’, असं कितीतरी वेळ चाललं. मुलगी झाली. बाहेर येऊन नर्सनं जावयांना सांगितलं की ‘दिओ आ लूस’. बाळंत झाली याला ते लोक उजेडाला दिलं असं म्हणतात.

घरी आलो त्या संध्याकाळी शेजारीण आली. साठी ओलांडलेली, मला ‘बेसिना’ म्हणजे शेजारीणबाई म्हणायची. हातात झाकलेलं पातेलं. आत आतोले होतं, मक्याच्या पिठाची दाट गोड पेज, दालचिनी घातलेली. बाळंतिणीला दूध येण्यासाठी देतात. मी तिला इथून नेलेल्या अळिवाची खीर दाखवली. तिनं चमचाभर चाखली, पातेल्यात डोकावली आणि मान हलवली. मग तिनं खोलीत जाऊन खिडकी लावली, पलंगाच्या पायथ्याशी पडलेली शाल उचलून लेकीच्या डोक्यावरून कानांवर ओढली आणि म्हणाली, ‘के नो ले दे एल आइरे.’

तिला वारं लागू नये.

मी तिथेच उभी राहिले. माझी आई माझ्या दोन्ही बाळंतपणांत हेच म्हणायची, कानाला रुमाल बांधताना. तेही चाळीस दिवस बाळंतिणीला जपतात, त्याला कुआरेन्तेना म्हणतात, आपला सव्वा महिना. गार पाणी नाही, पोटाला पट्टा, कोंबडीचं पातळ सूप. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून मनगटात एक तपकिरी बी ओवून बांधतात. तिनं ती आणली, मी तीट लावली. दोन्ही राहिलं.

सप्टेंबरमध्ये वर्गात एक प्रकरण आलं ज्याला सगळे घाबरतात, सुब्खुन्तिबो. एखादी गोष्ट व्हावी, होऊ नये, व्हायला हवी, अशी इच्छा, भीती किंवा विनंती सांगताना क्रियापदाचं रूप बदलतं. अमेरिकन गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. बाईंनी उदाहरणं विचारली आणि मी शेजारणीचं वाक्य सांगितलं. हा तर आपला विध्यर्थ. त्याने यावं. पाऊस पडावा. वारं लागू नये. ज्या भाषेत रोज उठून असं बोललं जातं त्या भाषेच्या माणसाला हे प्रकरण कठीण जायचं कारणच नाही. इंग्रजीत याची स्वतंत्र रूपं फारशी उरलेली नाहीत, म्हणून इंग्रजीतून शिकवताना ते डोंगराएवढं होतं.

त्याच महिन्यात, ७ तारखेला गणपती. लेकीनं छोटी मातीची मूर्ती स्वतः केली. मोदकांसाठी ला क्रूस नावाच्या बाजारात गेले. गूळ तिथे शंकूच्या आकारात मिळतो, पिलोन्सिय्यो. विकणारीनं मला ‘मार्चान्ता’ अशी हाक मारली. त्या बाजारात गिऱ्हाईक विकणाऱ्याला आणि विकणारा गिऱ्हाइकाला एकाच शब्दानं हाक मारतात, हे मला फार आवडलं. तयार तांदळाचं पीठ जाडसर होतं, ते पुन्हा मिक्सरला लावून वस्त्रगाळ केलं. हळदीची पानं नव्हती, केळीची मिळाली, तिथे तामालेस, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले पुडे, त्यांत गुंडाळतात. तामालेसच्याच उकडपात्रात मोदक लावले. मुखऱ्या मनासारख्या नाही आल्या.

सर्वपित्री त्या वर्षी २ ऑक्टोबरला होती. घरी पान वाढलं, कावळा काही मिळाला नाही. बरोबर महिन्यानं, २ नोव्हेंबरला, त्यांच्या पितरांच्या दिवशी, शेजारणीनं तिच्या घरी बोलावलं. पायऱ्यांसारखं मांडलेलं टेबल, त्यावर गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांच्या आवडीचे पदार्थ, पाण्याचा पेला, धूप आणि झेंडूच झेंडू. आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिच्या नवऱ्याच्या फोटोपुढे तिनं एक सिगरेट ठेवली होती. मी विचारलं, त्यांना आवडायची का? ‘ले गुस्ताबा’, ती म्हणाली. त्यांना आवडायची. रीतिभूतकाळ. मी आणखी काही विचारलं नाही, तिच्याजवळ बसून राहिले.

भारतात स्पॅनिश शिकण्याची सोय नाही असं नाही. दिल्लीत २००९ पासून सेर्वान्तेस संस्था आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. पण वेळणेश्वरहून पुणं म्हणजे दिवस जातो, आणि ज्या मुलांबद्दल मी लिहिते आहे ती पुण्याला जाऊन राहू शकत नाहीत. आमच्या पट्ट्यातली मुलं पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर जातात. माझा पुतण्या बारा वर्षं खलाशी आहे. व्हेराक्रूझ, कायाओ, व्हालपारायसो ही बंदरं त्याला फक्त गेटापर्यंत माहीत, कारण गेटाबाहेर पडून बोलायचं काय? स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे, जवळजवळ ५० कोटी लोकांची मायबोली आहे. त्या भाषेच्या दारावर इंग्रजीचं कुलूप आपणच लावलं आहे.

आणि आपली माणसं तिथे आधीच जाऊन आली आहेत. ऑक्टोबरमध्ये जावयांनी मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत नेलं. तिथे दिएगो रिव्हेरा यांनी भिंतीवर रंगवलेलं एक चित्र आहे, मेजाच्या टोकाशी बसून भाकरी मोडणारा एक माणूस. ते वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक. पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. तिथल्या शेतकऱ्यांना ते त्यांच्या भाषेत शिकवत होते. आमच्या किती शाळांत हे नाव सांगितलं जातं?

माझी मागणी मोठी नाही. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून उभं आहे. अशी वाचनालयं, तालुक्यांची कॉलेजं, जहाजावर जाणाऱ्यांना तयार करणाऱ्या संस्था, यांनी दहावी झालेल्या मुलांसाठी मराठीतून स्पॅनिशचा प्राथमिक वर्ग सुरू करावा. शिक्षक पुण्या-मुंबईचा असो, आठवड्यातून एकदा पडद्यावर येवो, पण समजावणं मराठीत असो. पुस्तिका असावी, आपल्या व्याकरणाच्या शब्दांतली : विध्यर्थ, रीतिभूतकाळ, लिंग, वचन. ‘मे गुस्ता’ समोर ‘मला आवडतं’ छापलेलं असावं. आणि जाहिरातीतली ती बारीक ओळ काढून टाकावी. तिनं किती मुलं दारातूनच परत जातात याची मोजदाद कुणी ठेवत नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे पाहुणे नसतात. गेल्या तीन शनिवारांपासून दुपारी तीन ते पाच आमच्या ओसरीवर पाच जण येतात. चौघं बारावीची मुलं, आणि वाडीतली एक सून, जिचा नवरा जहाजावर आहे. मी शिक्षिका नाही, मला येतं तेवढंच देते. मागच्या शनिवारी पाऊस धो धो कोसळत होता, कौलांच्या आवाजात एकमेकांचं ऐकू येईना, तर त्या सुनेनं वहीत मोठ्या अक्षरांत ‘मे गुस्ता ला यूबिया’ लिहून वर धरलं. मला पाऊस आवडतो.

आपल्या वाचकांपैकी कुणी मराठीतून स्पॅनिश शिकलं वा शिकवलं असेल, कुणाकडे हाताने लिहिलेल्या वह्या असतील, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. झेरॉक्सचा आणि टपालाचा खर्च मी देईन.

आपली विश्वासू,
एक वाचक
वेळणेश्वर, ता. गुहागर, जि. रत्नागिरी